आवडत्या कादंबरीतला बिननावाचा मारेकरी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्या वाचनाची थट्टा होते. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवणारी बाई ऑफ तासाला गालिब नाही तर इक्बाल वाचत बसेल असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात माझ्या पर्समध्ये बहुतेक वेळा एखादी जाडजूड रहस्यकादंबरी असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा डॅन ब्राऊन हे नाव असते. सप्टेंबर 2025 मध्ये त्याची 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स' ही कादंबरी आली. 'ओरिजिन' 2017 ची. म्हणजे आठ वर्षे मी वाट पाहिली. नवी हाती घेण्याआधी जुन्या ओळखी ताज्या कराव्यात म्हणून मी माझी सर्वांत लाडकी 'एंजल्स अँड डेमन्स' पुन्हा वाचायला काढली. हा लेख त्या पुनर्वाचनाचा आहे.

अशा पुस्तकांची समीक्षा करायची नसते, ती एस.टी.त वाचून सोडून द्यायची असतात, असा आपल्याकडे समज आहे. मला तो पटत नाही. आमच्या अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफींच्या कादंबऱ्या जपून ठेवलेल्या होत्या. 1952 साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि उर्दू वाचणाऱ्या दोन पिढ्या त्या कादंबऱ्यांनी घडवल्या. मराठीत हेच काम बाबुराव अर्नाळकरांनी केले. लाखो लोक जे उशीखाली ठेवून वाचतात, ते त्यांच्या डोक्यात काहीतरी ठेवून जातच असणार. मग काय ठेवून जाते, हे पाहायला नको का?

'एंजल्स अँड डेमन्स' प्रसिद्ध झाली 2000 साली. मी ती वाचली 2012 मध्ये, बी.एड. करताना. दुसऱ्या दिवशी सराव पाठ होता, पाठ टाचण अर्धे राहिले होते, आणि मी रात्री तीनपर्यंत रोममध्ये धावत होते. कथानक असे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञाचा खून होतो. त्याच्या छातीवर 'इल्युमिनाती' या जुन्या गुप्त संघटनेचे नाव डागलेले सापडते. त्याने तयार केलेल्या प्रतिद्रव्याची एक कुपी चोरीला जाते आणि ती व्हॅटिकनमध्ये कुठेतरी लपवली जाते. कुपीची बॅटरी मध्यरात्री संपणार, आणि ती संपली की सगळे व्हॅटिकन बेचिराख होणार. त्याच दिवशी तिथे नवा पोप निवडण्यासाठी जगभरचे कार्डिनल जमलेले असतात. त्यांतले चार जण पळवले जातात. रात्री आठपासून दर तासाला एकाचा बळी, अशी धमकी येते. हार्वर्डचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन आणि मृत शास्त्रज्ञाची मुलगी व्हित्तोरिया यांच्या हाती फक्त काही तास उरतात.

आता कारागिरी पाहा. पृथ्वी, वायू, अग्नी, जल ही चार तत्त्वे, रोममधल्या चार जागा आणि चार ठोके. सांता मारिया देल पोपोलो या चर्चमधले किजी चॅपेल, संत पीटरचे चौक, सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया आणि पियात्सा नव्होनातले चार नद्यांचे कारंजे. या साऱ्या जागा खऱ्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी बेर्निनीचे काम आहे. सव्वाशेहून अधिक प्रकरणे, त्यांतली बरीच दोन-तीन पानांची. प्रत्येक प्रकरण एखाद्या दारापाशी संपते आणि ते दार पुढच्या नाही, तर त्याच्या पुढच्या प्रकरणात उघडते. मधल्या प्रकरणात लेखक आपल्याला दुसरीकडे नेतो. आमची दादी रात्री किस्सा सांगायची तेव्हा ती हेच करायची. शहजादा विहिरीत उतरला की ती पानाचा डबा उघडायची. कात, चुना, सुपारी सगळे लावून होईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. डॅन ब्राऊनची किस्सागोई याच घराण्यातली आहे.

या कादंबरीत चुकाही भरपूर आहेत. त्या मी आनंदाने माफ केल्या आहेत. कादंबरी गॅलिलिओला इल्युमिनाती संघटनेचा सभासद करते. गॅलिलिओ वारला 1642 मध्ये, आणि इतिहासाला माहीत असलेली इल्युमिनाती संघटना ॲडम वाइसहाउप्टने बव्हेरियात स्थापन केली 1776 मध्ये. प्रतिद्रव्य खरे आहे, पण सर्नच्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले आहे की तिथे आजवर तयार झालेल्या साऱ्या प्रतिद्रव्याच्या ऊर्जेवर एक विजेचा दिवा जेमतेम काही मिनिटे जळेल. इतिहासाची शिक्षिका असूनही मला याचा राग येत नाही. दास्तानीतला उडता घोडा किती किलोचा, असे कोणी विचारत नाही.

माझा राग, किंवा खरे सांगायचे तर माझी लाज, वेगळ्या ठिकाणी आहे. ती मला माझ्या भाच्याने दाखवून दिली.

भाचा अकरावीला, सायन्सला आहे. सुटीत त्याने माझी प्रत नेली आणि तीन दिवसांत परत आणून दिली. पुस्तक टेबलावर ठेवले आणि विचारले, "खाला, ये हॅसासिन अपने में का था क्या?" मी हसून विषय टाळला. रात्री झोप आली नाही. 2012 मध्ये मी हेच पुस्तक रात्रभर वाचले, पुढे आणखी दोनदा वाचले, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. शास्त्रज्ञाला मारणारा, कार्डिनलांना पळवणारा आणि त्यांचे हाल हाल करून जीव घेणारा माणूस अरब आहे. त्याला नाव नाही. पुस्तकभर तो फक्त 'हॅसासिन' आहे. त्याचे पूर्वज म्हणजे धर्मयुद्धांच्या काळात ख्रिश्चनांना मारून हशीशच्या नशेत विजय साजरा करणारी टोळी, असे लेखक सांगतो. त्याला दोनच सुखे माहीत आहेत, मारणे आणि बायका. कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला काही ना काही दुःख आहे. सर्नच्या कडवट संचालकालाही त्याच्या चाकाच्या खुर्चीमागची कहाणी दिलेली आहे. हॅसासिनला आई नाही, गाव नाही, लहानपण नाही. त्याला फक्त वंश आहे.

आता मला शेवट सांगावा लागणार. ज्यांना वाचायची आहे त्यांनी माफ करावे. अखेरीस कळते की इल्युमिनाती कुठेच नव्हती. सारे कारस्थान एकाच माणसाने रचले होते. नवा पोप निवडला जाईपर्यंत व्हॅटिकनचा कारभार पाहणारा तरुण, देखणा, श्रद्धाळू कॅमरलेंगो हाच सूत्रधार निघतो. लोकांची श्रद्धा आटत चालली आहे, ती जागी करायची तर त्यांना एका भयंकर शत्रूची गरज आहे, असे त्याला वाटते. मग तो इतिहासाच्या कपाटातून एक मेलेला शत्रू काढतो, त्याला कपडे चढवतो आणि दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर उभा करतो. सारे जग त्यावर विश्वास ठेवते. आपणही पाचशे पाने ठेवतो.

माझ्या मते या कादंबरीचे खरे बळ इथे आहे. वरवर पाहता ती कटाची गोष्ट आहे. आतून ती सांगते की कटाची गोष्ट हेच एक हत्यार असते. भीती पेरायची असेल तर शत्रू खरा असावा लागत नाही, त्याचे नाव ओळखीचे असले म्हणजे पुरते. हे शहाणपण मोठमोठ्या वैचारिक ग्रंथांत मिळते, पण रात्री तीनपर्यंत जागवून ते कोणी सांगत नाही.

पण हे शहाणपण लेखकाने स्वतःला लावून घेतले नाही. शेवटच्या पानांत इल्युमिनातीवरचा संशय फिटतो. शास्त्रज्ञांवरचाही फिटतो. हॅसासिन मात्र आधीच कास्तेल सांत अँजेलोच्या गच्चीवरून खाली पडून मेलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी परत वळून पाहत नाही. वास्तविक तोही फसवला गेला आहे. आपण इल्युमिनातीसाठी काम करतो आहोत असे त्याला शेवटपर्यंत वाटते. पण त्याच्या बाबतीत कसले आश्चर्य ठेवलेले नाही. तो पहिल्या पानावर जसा होता तसाच शेवटच्या पानावर आहे. ज्या पुस्तकात प्रत्येक मुखवटा उतरतो, त्यात एकच चेहरा असा आहे की त्याला मुखवटा असेल अशी शंकाही लेखकाला येत नाही. 2009 साली या कादंबरीवर चित्रपट आला. त्यात हा मारेकरी अरब नाही, भाडोत्री युरोपियन आहे. त्यामुळे कथानकाचा एक टाकाही उसवत नाही. म्हणजे त्याचे अरब असणे कथेच्या गरजेचे कधीच नव्हते.

भाच्याला उत्तर द्यायचे तर आधी मलाच अभ्यास करावा लागणार होता. हे 'हश्शाशीन' कोण? ते होते निझारी इस्माईली. हसन बिन सब्बाहने 1090 मध्ये इराणच्या डोंगरातला अलमूतचा किल्ला घेतला. बलाढ्य सल्जुक सत्तेपुढे मूठभर लोक टिकावेत म्हणून त्यांनी निवडक शत्रूंचे खून केले, हे खरे आहे. 1092 मध्ये वजीर निजामुल्मुल्कचा खून झाला तो त्यांच्याच नावावर आहे. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण त्यांच्या हातून मारले गेलेले बहुतेक लोक मुसलमान सरदार आणि अधिकारी होते. ख्रिश्चनांना मारणे हाच त्यांचा धंदा होता, ही गोष्ट बनावट आहे. 'हश्शाशीन' ही त्यांच्या विरोधकांनी दिलेली शिवी होती. नशेचे आणि नकली जन्नतीचे किस्से पुढे युरोपात रंगले, मार्को पोलोने त्यांत भर घातली. इतिहासकार फरहाद दफ्तरी यांनी 1994 मध्ये एका स्वतंत्र पुस्तकात या दंतकथा कशा तयार झाल्या ते दाखवून दिले आहे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या अलमूतमध्ये एक नामांकित ग्रंथालय होते. थोर खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसी बरीच वर्षे निझारींच्या आश्रयाला राहिला. ग्रहांच्या गतीसाठी त्याने दोन वर्तुळांची जी भौमितिक युक्ती काढली, ती 'तूसी जोडी' म्हणून ओळखली जाते, आणि तीच युक्ती कोपर्निकसच्या 1543 च्या ग्रंथात दिसते. कोपर्निकसच्या मांडणीसाठी पुढे गॅलिलिओला शिक्षा झाली. आणि 'एंजल्स अँड डेमन्स'चा सारा डोलारा उभा आहे तो गॅलिलिओच्या छळावर. धर्मसत्तेपासून लपून आकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसांचा हा गौरव आहे. आणि त्याच लेखकाने आपला अडाणी मारेकरी आणला कुठून, तर ज्या किल्ल्याने एका खगोलशास्त्रज्ञाला छप्पर दिले त्या किल्ल्यातून! शोध घेतला असता तर त्याला तिथे लँग्डनच्या तोडीचे रहस्य सापडले असते. त्याने शिवी उचलली आणि तो पुढे गेला.

इथवर लिहून थांबता आले असते. पश्चिमेच्या लेखकाने आपल्यावर अन्याय केला, असे म्हणून आपण सगळे खूश झालो असतो. पण उर्दूच्या शिक्षिकेला एवढ्यावर सुटका नाही.

अब्दुल हलीम शरर (1860–1926) हे लखनौचे. उर्दूत ऐतिहासिक कादंबरी रुजवणारे लेखक. वॉल्टर स्कॉटची 'द टॅलिस्मन' वाचताना मुसलमानांचे त्यातले चित्रण त्यांना खटकले आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'मलिकुल अझीझ वर्जिना' लिहिली. वाचून चिडले, पण पुस्तक फेकले नाही, तर दुसरे लिहिले. वाचकाने असे असावे असे मला नेहमी वाटते. मात्र याच शररांची सर्वांत गाजलेली कादंबरी कोणती? 1899 ची 'फिरदौस-ए-बरीं'. ती आहे अलमूतवर!

'फिरदौस-ए-बरीं' हाही अस्सल कटाचा थरार आहे. हुसेन आणि जमुर्रद हे प्रेमी डोंगरातून चाललेले असतात. पऱ्या दिसतात, हुसेन बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तो समोर जमुर्रदची कबर. मग तिचे पत्र येते, तेही जन्नतमधून. तिला भेटायचे तर एका शेखची आज्ञा पाळावी लागेल, आणि आज्ञा आहे स्वतःच्याच गुरूचा खून करण्याची. हुसेन तो करतो. त्याला जन्नत दाखवली जाते, आणि ती जन्नत म्हणजे अलमूतवाल्यांनी मांडलेला देखावा असतो. डॅन ब्राऊनच्या शंभर वर्षे आधी, उर्दूत, हा वेग आणि हा धक्का! ही कादंबरी मी शाळेत असताना पहिल्यांदा वाचली, तेव्हा संध्याकाळचे दिवे लागल्याचेही मला कळले नव्हते.

पण तिच्यातले खलनायक कोण? तेच 'बातिनी', तेच इस्माईली, तीच नकली जन्नत. स्कॉटने मुसलमानांना जे केले त्याचा राग आलेल्या शररांनी मुसलमानांतल्याच एका लहान जमातीला तेच केले. आणि शेवटी सुटका करायला येतो कोण? हलाकूची फौज. 1256 मध्ये हलाकूने अलमूत पाडले, ग्रंथालयातली बरीचशी पुस्तके जाळली गेली. कादंबरीच्या वेगात आपण त्या फौजेच्या बाजूने उभे राहतो. दोनच वर्षांनी, 1258 मध्ये, तीच फौज बगदादमध्ये शिरली. त्या विध्वंसासाठी आपण आजही हळहळतो. अलमूतच्या वेळी मात्र आपण टाळ्या वाजवत होतो.

अलमूतच्या लोकांचे वारस कुठे दूर नाहीत. निझारी इस्माईलींचे इमाम पहिले आगाखान 1840 च्या दशकात इराणहून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थायिक झाले. 1881 मध्ये ते वारले. त्यांचा मकबरा माझगावात आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस याच घराण्याने 1892 मध्ये बांधला. तिथे पुढे गांधीजी आणि कस्तुरबा कैदेत होते. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एका खोजा कुटुंबाचे किराणा दुकान होते. म्हातारे चाचा मला उधारीवर वह्या द्यायचे. तरीही घरात कधी विषय निघाला की कोणीतरी आवाज खाली करून म्हणायचे, "उनका अलग है." अलग काय, ते कोणालाच सांगता यायचे नाही. आज वाटते, त्या खालच्या आवाजात शररांच्या कादंबरीचाही थोडा हिस्सा असेल.

कट हा शब्द आपल्याला फक्त करमणुकीचा राहिलेला नाही. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले मुसलमान होते आणि कटाच्या आरोपाखाली पकडलेले नऊ जणही मुसलमान होते. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तो निकाल ऐकायला नऊपैकी एक जण हयात नव्हता. कादंबरीत संशय फिटायला एक रात्र लागते. इथे जवळपास दहा वर्षे गेली. त्यांना पकडले तेव्हा कितीजणांना ते सहज खरे वाटले असेल? आणि ते सहज वाटण्यामागे अशा किती बिननावाच्या मारेकऱ्यांचा हात असेल? कादंबरीने खटला उभा राहत नाही, हे मला कळते. पण कोणावर पटकन विश्वास ठेवायचा आणि कोणावर पटकन संशय घ्यायचा, ही सवय गोष्टींतूनच लागते.

मग काय, वाचणे सोडायचे? मुळीच नाही. मी सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. थरारकादंबरी वाचताना आपण जो विश्वास टाकतो त्यातच तिची मजा आहे, आणि संशय घेत घेत कोणालाच मजा येत नाही. पण पुस्तक मिटल्यावर दोन मिनिटे थांबून एक मोजणी करावी. या गोष्टीत कोणाकोणाला नाव मिळाले आणि कोणाला नाही? शेवटी कोणाचा संशय फिटला आणि कोणाचा तसाच राहिला? ही मोजणी डॅन ब्राऊनसाठी करावी, इब्ने सफींसाठी करावी, आणि आपल्या शररांसाठी तर जरूर करावी. दुसऱ्याच्या पुस्तकात आपले नाव शोधणे सोपे असते. आपल्या पुस्तकात शेजाऱ्याचे नाव शोधणे जड जाते.

पुढच्या रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याला बसवले आणि सगळे सांगितले. अलमूत, निजामुल्मुल्कचा खून, ग्रंथालय, तूसीची वर्तुळे, शरर, आणि आमच्या मोहल्ल्यातले चाचा. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "मतलब अपने में के थे, खाला." मी म्हटले, "हो बेटा, अपने में केच होते. खून करणारेही आणि पुस्तके सांभाळणारेही." तो वहीत दोन वर्तुळे काढून तूसीची युक्ती करून बघू लागला. मी चहा ठेवला आणि 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स'चे पहिले पान उघडले.